मापाचं ब्लाउज

कडी वाजली. एकदाच. वाजवणाऱ्यानं ती लगेच मुठीत धरून थांबवली असावी, कारण दुसरा आवाज आलाच नाही.

दुपारचे सव्वादोन वाजले असतील. मधुरा नुकतीच झोळीत झोपली होती. ती जागी असली की मी मशीन चालवायची आणि झोपली की मशीन बंद, हूक, काजं, तुरपाई असलं बिनआवाजाचं काम. सहा महिन्यांच्या त्या पोरीशी माझा तसा करारच झाला होता. आमच्या विट्याच्या गल्लीत दुपारची कडी वाजते ती दणादणा वाजते. इतकी हळू वाजवणारं एकच माणूस मला माहीत होतं.

दार उघडलं तर तेजूच. अंगात शाळेचा गणवेश, एका वेणीची रिबन सुटलेली, छातीशी घट्ट धरलेली प्लास्टिकची पिशवी.

"बाळ झोपलंय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"झोपलंय. ये आत. शाळा नाही का?"

"मधली सुट्टी." तिनं पिशवी पुढं केली. "आजीनं दिलंय. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणाली. गुरुवारी आहे."

गुरुवारी काय आहे ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत होतं. गुरुवारी तिच्या पप्पांचं लग्न होतं.

तेजू उज्वलाची मुलगी. तेव्हा चौथीत होती. उज्वला आणि मी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आलो, दोन घरं सोडून राहिलो. तिचा नवरा भारत सेलमला गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. विट्याची निम्मी तरणी माणसं अशीच मुलखाबाहेर असतात आणि वर्षातून दोनदा घरी येतात. चैत्रात उज्वला गेली. आता मार्गशीर्ष चालू होता, आणि भारतच्या आईनं, गोदामावशींनी, लेंगऱ्याची संजीवनी नावाची एक मुलगी बघून चार माणसांत देवळात लग्न लावायचं ठरवलं होतं.

मी पिशवीत डोकावले. वर जांभळ्या रेशमाचा तुकडा होता, लग्नाच्या साडीचाच कापून काढलेला. मोजून एक ब्लाउज होईल एवढा. असलं कापड हातात घेताना आमची छाती थोडी धडधडतेच. कात्री चुकली तर तसलं कापड पुन्हा मिळत नाही.

"मापाचं आणलंस का?"

"खाली आहे." मग दारात वळून म्हणाली, "मावशी, मापाचं आजीकडं परत देऊ नकोस हां. माझ्याकडंच दे."

"का गं?"

"अशीच." आणि ती गेली. कडीला हात न लावता दार तिनं लोटून घेतलं.

शिवणाऱ्या बाईला मापाचं ब्लाउज म्हणजे माणूसच. गिऱ्हाईक स्वतः आलं नाही तरी चालतं. अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाउज पाठवायचं, ते आम्ही जमिनीवर पसरतो, टेप लावतो आणि त्याबरहुकूम नवं बेततो. निम्म्या बायकांचे चेहरे मला आठवत नसतील, पण त्यांचे मुंढे आणि गळे आठवतात.

मी ते ब्लाउज बाहेर काढलं. किरमिजी रंगाचं, मागच्या गळ्याला बारीक सोनेरी पायपिन. बाही उलटून बघायची गरजच नव्हती. ती पायपिन मीच लावली होती. ते उज्वलाचं ब्लाउज होतं.

मग एकदम संताप आला. म्हणजे गोदामावशींनी हे पाठवलं? गेलेल्या सुनेच्या मापात नवी सून बसवायची? की दोघी सारख्याच वाटतात यांना, एक काढली की दुसरी घालायची?

मी कापड पसरलं, खडू घेतला आणि ठेवून दिला. वही काढली. माझ्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान असतं. दर वेळचं माप तारीख घालून खाली खाली लिहीत जायचं. उज्वलाचं पान निघालं तशी मी वही मिटली. परत हूक लावायला बसले. दोन हूक उलटे लावले, ते उसवले. मधुरा उठली, तिला घेतलं, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. संध्याकाळी हे डेपोतून आले तेव्हा म्हणाले, "आज मशीनचा आवाज नाही गल्लीत. बिघडलंय का?"

"मशीन नाही बिघडलं," मी म्हणाले.

सकाळी मधुराला कडेवर घेतलं आणि गोदामावशींकडं गेले. जाताना मनात वाक्यं जुळवत होते, कडक कडक.

त्या सोप्यात बसून तेजूची वेणी घालत होत्या. तेजूचं डोकं त्यांच्या दोन गुडघ्यांत धरलेलं, पाठ माझ्याकडं.

"ये गं शैला. बस की. आन ती बाळी हिकडं."

"मावशी, मापाचं ब्लाउज बघितलं मी."

"बघितलंस न्हवं? संजीवनीच्या आईनं दिलंय. म्हनली, हेच तेवढं चांगलं ऱ्हायलंय. पिवळा रंग लई भडक हाय बया, पर आपल्याला रंगाशी काय करायचं, मापाशी मतलब."

पिवळा.

मी तेजूकडं बघितलं. तिची पाठ ताठ झाली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, फक्त खालच्या चटईची एक काडी मुठीत धरली.

"का गं? फाटकं-बिटकं निघालं का काय?" मावशींनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांचा पट्टा सुरू झाला. "काय सांगू बाई तुला. या पोरीनं आठ दिवस डोस्क्याला ताप दिलाय. परवा संजीवनीच्या फोटूवर शाई सांडली. सांडली म्हनती! नेमकी तोंडावर सांडती का शाई? मी फोनवर भारताला सांगितलं. तो म्हनला, आई, पोरगी नीट ऱ्हायली तर दोघींस्नी संगं घेऊन जातो सेलमला. आनि आता एक जरी वाकडं केलं तर तिला जतला मामाकडं पोचीव. त्यो दुसऱ्यांदा मांडतोय संसार, त्याला घोर नको." त्यांनी वेणीला हिसका दिला. "ऐकलंस का गं भवाने?"

"ऐकलं," तेजू म्हणाली.

जतचा मामा मला माहीत होता. उज्वलाचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण वस्तीवरचं घर, शाळा चार मैलांवर, आणि घरात आधीच चार पोरी. पाचवी तिथं गेली की परत येणार नव्हती, हे मावशींनाही ठाऊक होतं. बोलून झाल्यावर त्यांनी ओढलेली वेणी पुन्हा हलक्या हातानं सोडली आणि नव्यानं घालायला घेतली.

"मग? काय म्हनत हुतीस?"

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. "काही नाही," मी म्हणाले. "मागचा गळा खोल ठेवायचा की बेताचा, एवढंच विचारायला आले."

"बेताचाच ठीव. तिचंबी दुसरेपनाचं हाय. उगं लोकं तोंड वाजिवत्यात."

तेजू दप्तर घेऊन निघाली तशी मीही निघाले. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी तिला गाठलं. गिरणी चालू होती, कुणाला ऐकू जायचं नव्हतं.

"पिवळं कुठंय?"

"शाळेमागच्या आडात."

"पडलं?"

"टाकलं. दगड बांधून." तिच्या आवाजात लाज नव्हती, भीतीही नव्हती. गृहपाठ केला का विचारल्यावर केला म्हणून सांगावं तसं.

"अगं, मग मी शिवू कशावरून?"

"आईचं दिलंय की."

"तेजू, ते माप तिला कसं बसेल?"

"नाहीच बसणार." तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढी शिवणकाम करणारी बाई, हिला एवढंही कळत नाही. "आई बारीक होती. ती जाड आहे, मी फोटोत बघितलंय. हूक लागणारच नाहीत. मग हूक न लावता लग्न कसं होणार?"

मला हसू आलं. कडेवरच्या मधुरानं तेजूची नवी रिबन पकडली होती. तेजूनं एकेक बोट सोडवून ती काढून घेतली.

"आणि गुरुवारी ब्लाउज बसलं नाही, की आजी मला विचारेल, शैला, कसलं माप घेतलंस? मग मी काय सांगू?"

तिनं जरा विचार केला. "सांग, चुकलं म्हणून."

"माझं माप चुकत नाही, बाळा. हे सगळ्या विट्याला माहीत आहे."

"मग तू माझं नाव सांगणार?"

"नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

तेव्हा कुठं तिचे डोळे भरले. ते तिनं गिरणीच्या पिठानं भरल्यासारखे चोळले. मी परत गोदामावशींच्या दारात गेले. "मावशी, अस्तर बघायला बाजारात जातेय, बाळ धरायला तेजूला नेऊ का? एक दिवस शाळा बुडली तर चालेल?" मावशी म्हणाल्या, "ने बाई, तेवढाच माझ्या जिवाला इसावा."

बाजाराऐवजी आम्ही स्टँडवर गेलो आणि लेंगऱ्याच्या एसटीत बसलो.

"कुठं चाललोय?" गाडी सुटल्यावर तेजूनं विचारलं.

"माप घ्यायला."

ती खिडकीकडं तोंड करून बसली. मधुरा मात्र तिच्या मांडीवरून सगळ्या गाडीशी बोलत होती.

संजीवनी अंगण झाडत होती. तिची आई आमंत्रणं करायला गावात गेलेली. उंच बाई, तिशीची, हाडानं रुंद, बोलणं सावकाश. मी ओळख सांगितली तसा तिनं खराटा भिंतीला लावला आणि पदर सारखा केला.

"या की. मापाचं पाठवलं होतं ना आईनं?"

"पाठवलं होतं हो. माझ्याकडंच घोटाळा झाला. या बाईनं..." मी मधुराकडं बोट केलं, "त्यावर तेलाची वाटी उपडी केली. डागलं सगळं. म्हटलं, प्रत्यक्षच माप घ्यावं."

संजीवनीनं मधुराकडं बघितलं. जिला धड बसताही येत नव्हतं, ती बाई तेलाची वाटी उपडी करते. मग तिनं तेजूकडं बघितलं. तेजू आपल्या चपलांकडं बघत होती. आता ही काय विचारते, या धास्तीनं मी बाळाचं टोपडं उगाच बांधत बसले.

"जाऊ द्या," संजीवनी म्हणाली. "बरंच झालं. मला ते नकोच होतं."

"का हो?"

"माझ्या पहिल्या लग्नातलं होतं ते. त्यांनी मूल नाही म्हणून सोडलं मला, पाच वर्षं झाली. आईनं तेवढं एक पेटीत जपून ठेवलेलं. मी म्हटलं, अगं, नवीन माप देऊ. तर म्हणे, चांगलं आहे, टाकायचं कशाला?" ती हसली. "आणि खरं सांगू का, ते मला होतही नाही. हूकच लागत नाहीत."

तेजूनं मान वर केली.

म्हणजे पिवळ्यावरून बेतलं असतं तरी गुरुवारी देवळात हूक लागलेच नसते. जे व्हावं म्हणून तेजूनं आडात ब्लाउज टाकलं, ते न टाकताच झालं असतं.

मधुराला गोधडीवर ठेवलं, टेप काढली, वही आणि पेन्सिल तेजूच्या हातात दिली. "मी सांगते, तू लिही. शेवटी कोरं पान असेल."

टेप अंगाला लागली की बायका श्वास ओढून धरतात. सगळ्याच धरतात. "सोडा श्वास," मी म्हणाले. "दिवसभर घालायचंय तुम्हाला. छाती, साडेअडतीस."

"अगं बाई! थोडं कमी लिही की गं," संजीवनी तेजूला म्हणाली. "साडेछत्तीस लिही. लग्नापुरतं."

"नाही," तेजू म्हणाली. त्या घरात तिनं उच्चारलेला तो पहिला शब्द. "मावशीचं माप चुकत नाही."

"असं? मग लिहा बाई खरं ते."

"कंबर, तेहेतीस." पेन्सिलीचा आवाज आला नाही. "तेजू? तेहेतीस."

मी वळून बघितलं. कोरं पान शोधताना तिची बोटं मधेच थांबली होती. वही तिच्या गुडघ्यांवर उघडी होती आणि ती वाचत होती. कुठलं पान ते मला एवढ्या लांबून, उलट्या बाजूनंही कळलं. तिचं बोट आकड्यांवरून वरून खाली गेलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. चौथीतल्या मुलीला वजाबाकी येते.

"तेजू," मी म्हणाले.

तिनं पानं उलटली, कोरं पान काढलं, वर ठळक अक्षरांत 'संजीवनी' लिहिलं आणि खाली दोन आकडे लिहिले. साडेअडतीस. तेहेतीस. मग विचारलं, "पुढं?"

निघताना संजीवनीनं तिच्या हातात राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवले आणि एवढंच म्हणाली, "मला वेणी घालता येते बरं का. ओढून नाही घालत." तेजूनं लाडू परत केले नाहीत. एसटीत एक तिनं खाल्ला. दुसरा विट्यापर्यंत हातात धरून ठेवला.

"तहान लागलीय का गं?"

"नाही."

"झोप आली?"

"नाही."

याला आता सहा वर्षं झाली. तेजू सेलमलाच असते, यंदा दहावीत आहे. दिवाळीच्या आधी तिचं पत्र येतं. त्यात ती संजीवनीला मम्मी लिहिते आणि उज्वलाला आई, आणि शेवटी वहीचं पान फाडून आपलं माप पाठवते, तिचा ड्रेस मीच शिवायचा म्हणून. पत्र नंतर वाचते मी. आधी तो कागद मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवते, आणि एकेक आकडा वाढलेला दिसला की मग पाणी पिते.

पण मला सांगायचंय ते त्या बुधवारचं.

सकाळी मधुरा जागी होती तोवर मशीन चालवलं. जांभळं रेशीम मंगळवारीच बेतलं होतं. हात कुठं अडला नाही. ताजं माप असलं की कापड आपणहून वळतं. अकरापर्यंत अस्तर लागलं, बाह्या लागल्या. मधुरा झोपली, हूक लावून झाले. आणि मग करायला काही उरलं नाही. तरी हात स्वस्थ राहीनात. मी ते किरमिजी ब्लाउज पुढ्यात ओढलं, उलटं केलं आणि दोन्ही कुशींच्या टिपा उसवायला घेतल्या.

ते आदल्या वर्षीच्या श्रावणात शिवलं होतं, पंचमीला. तेव्हा छाती छत्तीस. आत मी नेहमीप्रमाणे भरपूर कापड सोडलेलं, पुढंमागं सैल करता यावं म्हणून. बायकांचं अंग भरतच जातं, असा आमचा हिशेब.

दसऱ्याला उज्वला ते घेऊन आली. "शैले, आत घे गं जरा. खांद्यावरनं उतरतंय."

साडेचौतीस. तोंडात टाचण्या धरून मी म्हणाले होते, "मजा आहे बाई तुझी. आता मी फुगणार, आणि तू अशी सडसडीत." मला तेव्हा मधुराचे दिवस राहिले होते. ती हसली होती.

संक्रांतीला पुन्हा आली. टेप फिरवली आणि टेपेखाली मला तिची एकेक बरगडी बोटांना लागली. बत्तीस. मी पुन्हा टेप फिरवली. बत्तीसच. मी मान वर केली तर ती आरशातून माझ्याकडंच बघत होती.

"उज्वला, अगं..."

"सासूबाईंना काही बोलू नकोस. उपास फार करते म्हणून आधीच ओरडतात. फाल्गुनात हे येणार आहेत, तेव्हा दाखवू डॉक्टरला. तू एवढं नीट बसवून दे बघू. लोंबायला लागलं की बायका विचारतात."

मी नीट बसवून दिलं. दुसरी टीप अशी बेमालूम घातली, टक्स असे वळवले, की बाहेरून कुणाला कळू नये. मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. हळदीकुंकवाला ती तेच घालून आली. सगळ्या म्हणाल्या, काय छान बसलंय गं, कुणाकडनं शिवलंस? तिनं माझ्याकडं बोट केलं. फाल्गुनात भारत आला आणि त्यानं तिला मिरजेला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं म्हणे, की इतके महिने घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही.

दोन्ही टिपा निघाल्या. आतलं कापड बाहेर आलं. ते तेवढं गडद राहिलं होतं, बाकीचं थोडं फिकं. पहिल्या शिवणीवरून मी पुन्हा मशीन मारलं, झोळी हलली तरी थांबले नाही. इस्त्री केली.

साडेपाचला कडी वाजली. एकदाच.

तेजूनं आधी जांभळं ब्लाउज बघितलं. एकेक हूक काजात अडकवून, काढून बघितला.

"बसेल?"

"बसेल."

"हूक लागतील?"

"लागतील."

तिनं मान हलवली आणि ते पिशवीत घातलं. "आणि आईचं?"

मी घडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडली, दोन्ही खांद्यांना धरून समोर धरली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे मोठं झालंय."

"मोठं नाही केलं. आधी असंच होतं ते. तुझी आई आधी अशी होती." "आत घेतलेलं मी सोडवलं. तू मोठी झालीस की तुला होईल."

ती दारातल्या उजेडाकडं वळली. उसवलेल्या टिपांच्या जागी सुईच्या भोकांच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या इस्त्रीनं जात नाहीत. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही कधीची?"

"दसऱ्याची."

बोट आतल्या ओळीवर गेलं. "आणि ही?"

"संक्रांतीची."

"चार इंच," ती म्हणाली. वहीतली वजाबाकी तिनं लेंगऱ्यालाच करून ठेवली होती.

झोळीत मधुरा चुळबुळली. मी दोरी धरायला हात लांब केला, पण दोरी माझ्या हाताला सापडेना. तेजूनं ब्लाउजची घडी घातली, मी घालते तशीच, बाह्या आत वळवून. ती छातीशी धरली, आणि शाळेत बाईंना शंका विचारावी तितक्या सरळ आवाजात म्हणाली,

"मावशी, तुझं माप कधीच चुकत नाही ना?"

"नाही."

"मग तुला कळलं होतं?"